शेवट गोड झाला का हो, ताई?

गेल्या महिन्यात मी इथे जाता जाता एक ओळ लिहिली होती, की पावसात घरात अडकले म्हणून 'अ रेझिन इन द सन' परत वाचून काढलं आणि शेवटाला परत रडले. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आलीत की लोणच्याला बुरशी का येते या प्रश्नावर पण आली नव्हती. म्हणून या वेळी कॉलम पूर्ण त्यालाच दिलाय, बुरशीवाल्यांनी थोडं थांबा.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी दोन ओळीत गोष्ट (दोनात होणार नाही, माहितीये). लॉरेन हॅन्सबेरी या लेखिकेचं नाटक, ११ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कात ब्रॉडवेवर आलं, तेव्हा ती २८ वर्षांची होती आणि काळ्या बाईनं लिहिलेलं ब्रॉडवेवर आलेलं हे पहिलंच नाटक. शिकागोच्या साउथ साइडला यंगर नावाचं कुटुंब राहतंय. आई लीना, तिला सगळे मामा म्हणतात पण आपल्याकडे त्याचा भलताच घोळ होईल म्हणून मी आईच म्हणते. तिचा मुलगा वॉल्टर गोऱ्या साहेबाची गाडी चालवतो, सून रूथ लोकांच्या घरी कामं करते, मुलगी बेनीथाला डॉक्टर व्हायचंय, आणि दहा-अकरा वर्षांचा नातू ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. बाथरूम मजल्यावर कॉमन, सकाळी कोण आधी घुसतो यावरून पळापळ, चाळीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. वडील गेलेत आणि त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार आहेत. आई त्यातले ३,५०० भरून क्लायबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर बुक करते, उरलेले वॉल्टरच्या हातात देते, त्यातले ३,००० बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत टाक असं बजावून. तो सगळेच्या सगळे दारूच्या दुकानाच्या धंद्यात घालतो आणि पार्टनर पळून जातो. मधेच क्लायबोर्न पार्कच्या असोसिएशनचा लिंडनर नावाचा माणूस येऊन सांगतो की तुम्ही येऊ नका, घर आम्ही तुमच्याकडून जास्त पैसे देऊन घेतो. पैसे बुडाल्यावर वॉल्टर ते घ्यायला तयार होतो आणि शेवटच्या क्षणी नाही म्हणतो. सामान निघतं, पडदा.

आता पत्रं.

ताई, आम्ही भिशीतल्या सहाजणी हल्ली पैशाबरोबर पुस्तकाचीही चिठ्ठी काढतो. यावेळी हे नाटक निघालं. मी शेवट वाचून आनंदानं रडले, पोरगं शेवटी कणा ताठ करून उभं राहिलं ना. नवरा म्हणतो, कसला आनंद, उद्या सकाळी त्या घराच्या काचा फुटणार. आता भिशीतही दोन पार्ट्या झाल्यात. कोण बरोबर? — एक वाचक, कोल्हापूर

दोघंही बरोबर, पण नवऱ्याला लगेच सांगू नका.

गंमत बघा, नाटक कुठे थांबतं. घराच्या दारात नाही, जुन्या खोलीच्या दारात. त्या नव्या घरात आपण एकदाही पाऊल टाकत नाही, पूर्ण नाटकभर ज्या घरावरून भांडणं, रडारड, पैसे बुडणं झालं ते घर प्रेक्षकाला दिसतच नाही. म्हणजे लेखिकेनं आपल्याला निघणं दाखवलंय आणि पोचणं आपल्यावर सोडलंय. तुम्ही निघण्यावर रडलात, नवरा पोचण्याचा विचार करतोय. अर्ध्या तासानं पडदा पडला असता तर तुमच्या भिशीत पार्ट्या पडल्याच नसत्या.

आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. पहिल्यांदा नाटक आलं तेव्हा बऱ्याच लोकांनी, त्यात समीक्षक पण आले, हा सुखांत आहे असं म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि हॅन्सबेरी वैतागली होती. एका मुलाखतीत तिनं सरळ म्हटलं होतं की ज्याला हा सुखाचा शेवट वाटतो त्यानं यंगर कुटुंब जिथे चाललंय तसल्या वस्तीत येऊन राहून बघावं. आधीच्या एका खर्ड्यात तर तिनं त्यांना नव्या घरात नेलं पण होतं, अंधारात, हातात हत्यारं घेऊन हल्ल्याची वाट बघत बसलेले. मग तिनं तो शेवट बदलला. मला विचाराल तर बरं केलं, कारण तो शेवट ठेवला असता तर नाटक गोऱ्या जमावाचं झालं असतं, आत्ता ते वॉल्टरचं आहे.

आता एक गोष्ट भिशीत नक्की सांगा. तुमच्या प्रतीत मिसेस जॉन्सन नावाची शेजारीण आहे का बघा. ही बाई पेपर घेऊन येते, त्यात बातमी असते की गोऱ्या वस्तीत गेलेल्या एका काळ्या कुटुंबाच्या घरावर बॉम्ब टाकला, आणि ती ते अशा चवीनं सांगते ना, आपल्याकडे नाही का एखादी शेजारीण, चेहरा सुतकी आणि आत उकळ्या फुटतायत. ती यंगरांना म्हणते, आता पुढच्या महिन्यात पेपरात तुमचं नाव येईल. हा प्रवेश पहिल्या प्रयोगांत कापलेला होता, नाटक लांब होत होतं म्हणून. झालं असं की १९५९ च्या प्रेक्षकानं जॉन्सनबाईंची ही बातमी ऐकलीच नाही आणि शेवट जास्त गोड लागला. नंतरच्या आवृत्त्यांत जॉन्सनबाई परत आल्या. तुम्ही कदाचित जुनी प्रत वाचली असेल आणि नवऱ्यानं नवी, एका घरात असं होणं अवघड आहे म्हणा, पण चेक करा.

तिचा बॉम्ब काही हवेतला नव्हता. शिकागोला लागूनच सिसेरो म्हणून गाव आहे, १९५१ च्या जुलैत तिथे एका काळ्या कुटुंबानं एका बिल्डिंगमध्ये भाड्यानं जागा घेतली तर हजारोंचा जमाव आला, त्यांचं सामान खिडकीतून खाली फेकून जाळलं, शेवटी नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले. नाटकाच्या आधी आठ वर्षं फक्त. शिकागोच्या माणसाला थिएटरात बसून हे आठवलं नसेल असं मी तरी मानणार नाही.

तरीपण तुमचं रडणं खोटं नाही हो. शेवटचा प्रवेश परत वाचा. वॉल्टर आधी घरच्यांना लिंडनरसमोर गुडघे टेकून कसं 'मालक, मायबाप' करायचं त्याचं नाटक करून दाखवतो, ते वाचताना पोटात कसंतरी होतं. मग लिंडनर येतो, रूथ पोराला खाली जा म्हणते, आणि आई म्हणते नाही, तो इथंच थांबेल, तू काय करतोयस ते त्याला बघू दे. बास, तिथे फिरतं सगळं. आधी जे पाठ केलेलं असतं ते पोरासमोर त्याच्या तोंडातून निघत नाही, आणि तो चाचरत, भलतंच कुठूनतरी सुरू करून, आम्ही साधी माणसं आहोत, माझा बाप आयुष्यभर मजूर होता, असं करत करत सांगतो की आम्ही तिथे राहायला येतोय कारण माझ्या बापानं ते घर कमावलंय. भाषण म्हणून बघितलं तर काही खास नाही, अडखळतो पण, म्हणून तर आवडतं.

लिंडनर जाताना म्हणतो, तुम्ही कशात पडताय याची तुम्हाला कल्पना असेल अशी आशा करतो. आणि हे ऐकून घरात काय होतं माहितीये? कुणी घाबरून बसत नाही, रूथ ओरडते की चला आता इथून निघायचं, मग सामान, गडबड, बेनीथा आणि वॉल्टर तिनं कुणाशी लग्न करावं यावरून भांडत जिना उतरतायत. धमकी आणि भांडण एकाच मिनिटात. नवऱ्याला ती लिंडनरची ओळ दाखवा, आणि तुम्ही भांडण धरून ठेवा.

मॅडम, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, भावनेपेक्षा आकडे बघतो. १०,००० पैकी ६,५०० गेलेले. हप्ता चालू होणार. समोरचा खरेदी किमतीपेक्षा जास्त द्यायला तयार. सरळ पैसे घ्यावेत आणि दुसरीकडे घर घ्यावं, यात अपमान कसला? वॉल्टरनं आधी एक मूर्खपणा केला, मग दुसरा केला, असं माझं स्पष्ट मत. — डोंबिवली

काका, पहिल्या मूर्खपणाबद्दल तुमच्याशी वाद नाही. लायसन लवकर मिळावं म्हणून चहापाणी द्यायला पार्टनरच्या हातात रोख रक्कम द्यायची, पावती नाही काही नाही, बहिणीच्या फीसकट. तुमच्या बँकेत आला असता तर तुम्हीच त्याला दारातून परत पाठवला असता.

पण दुसरीकडे घर घ्यावं म्हणताय ते कुठे? ही मेख आहे बघा. रूथ जेव्हा घाबरते, गोऱ्यांच्या वस्तीत कशाला घेतलं म्हणते, तेव्हा आई म्हणते की काळ्यांसाठी म्हणून लांब जी घरं बांधलीत ती दुप्पट किमतीला आहेत, मला माझ्या पैशात सगळ्यात चांगलं जे मिळालं ते मी घेतलं. चळवळ करायला नाही गेली ती बाई. तिनं तुमच्यासारखाच हिशोब केला.

आणि दुप्पट का, तर ते तुमच्याच फील्डमधलं आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे काढले, जिथे काळे राहतात तो भाग लाल, म्हणजे जोखीम. १९३४ पासून सरकार घरकर्जाला हमी द्यायला लागलं ती हमीही असल्या भागाला जवळपास नाहीच. कर्ज नाही तर मग काय, शिकागोत 'कॉन्ट्रॅक्ट'वर घरं विकायची पद्धत पडली. दलाल गोऱ्या मालकाला घाबरवून स्वस्तात घर घेणार, काळ्या गिऱ्हाइकाला चढ्या भावानं हप्त्यावर देणार, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. मधे एक हप्ता चुकला की घर पण गेलं आणि भरलेले पैसे पण. तुम्ही म्हणताय ते 'दुसरीकडे' हे असं होतं.

आता तुमचा हप्त्याचा मुद्दा. तो मात्र एकदम खरा आहे आणि सुखांत म्हणणारे तिथेच गडबडतात. महिना १२५ डॉलर. रूथ पोटुशी आहे, त्या घरात अजून एक तोंड परवडणार नाही म्हणून ती गुपचूप पाडायची तयारी करून आलेली, ॲडव्हान्स देऊन. आईनं काम सोडलेलं. शेवटी रूथ म्हणते मी शिकागोतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत दिवसाचे वीस तास काम करीन, पोर पाठीला बांधीन, अमेरिकेतल्या सगळ्या फरश्या घाशीन पण इथून निघायचं. वाचायला छान वाटतं हो, पण ते वीस तास कुणीतरी खरंच काढायचेत. बेनीथाच्या फीचं तर शेवटी कुणी नावही काढत नाही, तिला नायजेरियाचा असागाई लग्न करून आफ्रिकेला चल म्हणतोय, तिथे डॉक्टर हो म्हणे, पण मेडिकल कॉलेजचे पैसे कुठून, ते तसंच लोंबकळत राहतं. मला बेनीथासाठी नेहमी वाईट वाटतं. वॉल्टरला मर्दपणा मिळाला, आईला घर मिळालं, आणि या पोरीचे ३,००० गेले ते गेले.

म्हणजे आकड्यांत तुम्ही जिंकलात काका. लिंडनरचा चेक घेतला असता तरी बेनीथाचं कॉलेज झालं असतं का, ते तुम्ही मला हिशोब करून कळवा, किंमत त्यानं सांगितलेली नाहीये एवढं लक्षात ठेवा.

लेखिकेच्या स्वतःच्या घरी असं झालं होतं असं सरांनी सांगितलं, खरंय का? आणि त्यांचा शेवट कसा झाला? प्रोजेक्टसाठी हवंय, शुक्रवारपर्यंत. — एम.ए. भाग १, नागपूर

शुक्रवार तर अंक यायच्या आधीच गेला बाळा. पण सर बरोबर आहेत.

हॅन्सबेरी काही यंगरांसारखी गरीब नव्हती, वडील कार्ल हॅन्सबेरी जागांच्या धंद्यात होते, बऱ्यापैकी पैसा होता. १९३७ मध्ये त्यांनी शिकागोच्या साउथ ऱ्होड्स ॲव्हेन्यूवर ६१४० नंबरचं घर घेतलं. त्या भागातल्या मालकांनी आपसात करार केलेला होता की काळ्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. हे लोक राहायला गेल्यावर जमाव आला, खिडकीतून मोठा दगड आत आला तो लॉरेनला लागता लागता राहिला, ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. वडील केसच्या मागे फिरत असायचे आणि आई रात्रभर घरात भरलेलं पिस्तूल घेऊन गस्त घालायची, चार पोरांना सांभाळत. १९६४ मध्ये लॉरेननं एका पत्रात हे लिहिलंय.

केस सुप्रीम कोर्टात गेली, हॅन्सबेरी विरुद्ध ली, निकाल १२ नोव्हेंबर १९४०, जिंकले. पण कसे जिंकले ते प्रोजेक्टमध्ये नीट लिही, बरेच जण चुकतात. कोर्टानं काळ्यांना बंदी घालणारे करार चूक आहेत असं म्हटलंच नाही. आधीच्या एका केसमध्ये कराराला लागणाऱ्या, रस्त्यालगतच्या ९५ टक्के जागेच्या मालकांच्या सह्या झाल्यात असं मानून निकाल झालेला होता, खरं तर सह्या ५४ टक्के जागेच्या आसपासच होत्या, आणि हॅन्सबेरी त्या केसमध्ये नव्हतेच तर तो निकाल त्यांच्यावर लादता येणार नाही, एवढाच मुद्दा. त्यामुळे ही केस आजही लॉ कॉलेजात शिकवतात ती घरासाठी नाही, सामूहिक दाव्याच्या, म्हणजे काहींनी सगळ्यांच्या वतीनं लढायच्या केसच्या, नियमासाठी! असले करार कोर्टानं राबवायचे नाहीत हे ठरायला १९४८ उजाडलं, शेली विरुद्ध क्रेमर, आणि जागा विकताना-भाड्यानं देताना भेदभाव करायचा नाही असा देशभराचा कायदा १९६८ मध्ये आला, मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनानंतर आठवड्याभरात.

कार्ल हॅन्सबेरीनी ते १९४८ पण बघितलं नाही. अमेरिकेला कंटाळून कुटुंब मेक्सिकोला हलवायच्या तयारीत होते, तिथेच १९४६ मध्ये गेले. लॉरेन स्वतः १९६५ मध्ये कॅन्सरनं गेली, ३४ वर्षांची. ते घर मात्र उभं आहे, २०१० मध्ये शिकागो शहरानं त्याला वारसा इमारतीचा दर्जा दिला. ज्या घरावर दगड पडला ते आता जपायचं घर.

शेवट कसा झाला असं विचारलंस ना, यातला कुठला धरायचा ते तू ठरव आणि सरांना सांग.

नाव छापू नका. नाटक वाचून मला राग आला, बाकीच्यांसारखं रडू नाही. गेल्या महिन्यात मुंबईत उपनगरात फ्लॅट बघितला, भाडं ठरलं, आणि आडनाव सांगितल्यावर सोसायटीचं काहीतरी निघालं. ब्रोकर म्हणतो पुढच्या वेळी मैत्रिणीच्या नावावर करार करू, मग कोण बघतंय. करू का?

राग आला ते बरोबर आलं. मला त्या नाटकातला सगळ्यात ओळखीचा माणूस वाटतो तो वॉल्टर नाहीच, लिंडनर. तो ओरडत नाही. हातात टोपी, किती समजूतदारपणे बोलतो, की आम्ही पण कष्टाळू लोक आहोत, यात वंशाचा काही प्रश्न नाही, फक्त ज्याचा त्याचा समाज बरोबर राहिला की सगळेच सुखी.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही पुण्यात जागा बघत होतो. सेक्रेटरी काकांनी चहा दिला, खारी दिली. आडनाव विचारलं, त्यावरून नीट कळेना म्हणून गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. एवढं झाल्यावर म्हणाले, माझं काही नाही हो, मी असलं मानत नाही, पण बाकीच्या मेंबरांचं जरा. टोकनचे ५०० रुपये पाकिटात घालून परत दिले, वर एक रुपयाचं नाणं लावलेलं, आहेर करतात तसं. ते नाणं का लावलं याचा मी आजपर्यंत विचार करतेय. खारी मात्र मी खाल्ली होती, त्याचा राग जास्त येतो.

आडनाव लपवायचं म्हणतेस तर तुला एक आठवण करून देते, तुला माहिती असेलच. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आले, १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर राहायला जागा कुणी देईना, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या सराईत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसं काठ्या घेऊन जिना चढून वर. आठ दिवसांची मुदत मागितली, नाही मिळाली, संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. शेवटी बागेत बसून गाडीची वाट बघितली. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. मी तुला करू नकोस असं सांगत नाहीये, डोक्यावर छप्पर लागतं आणि ते आत्ता लागतं, कळतं मला. पण दुसऱ्याच्या नावानं राहिलं की रोज जिन्यात पावलं वाजली की कान टवकारायचे, ते भाड्यात धरत नाही कुणी.

आणि कायद्याचं विचारशील तर इथे आपली बाजू लंगडी आहे. घटनेचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते असं सांगतं, खासगी घराचं नाव त्यात नाही. अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये २००५ ला सुप्रीम कोर्टानं सोसायटीला सभासद आपल्याच समाजापुरते ठेवायला मुभा दिली. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात कलम २३ आहे, पुरेसं कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर निबंधकाकडे अपील. पण ते घर विकत घेणाऱ्याच्या कामाचं, तू भाडेकरू. तरी पुढच्या वेळी एक कर, सेक्रेटरींना हसून म्हण की काका, हेच जरा लेटरहेडवर लिहून द्या ना. देणार नाहीत. चेहरा मात्र बघून ये आणि मला कळव, मला त्या वेळी सुचलं नव्हतं.

ता. क. कोल्हापूरच्या ताईंनी पत्राच्या मागच्या बाजूला अजून एक विचारलंय, शेवटी सगळे गेल्यावर आई एकटी खोलीत उभी राहते, रडं आवरते, बाहेर जाते आणि परत दार उघडून कुंडी घेऊन जाते, ते रोपटं नेमकं कुठल्या जातीचं? नाटकात दिलेलं नाही. खिडकीत ठेवलेलं, ऊन पुरत नाही, मरतुकडं, तरी जिवंत, एवढंच लिहिलंय. आणि घरच्यांनी तिला नव्या अंगणासाठी बागकामाची अवजारं भेट दिलेली असतात, ती आधीच सामानात गेलीत.